पायाचे बोल्ट

मी माणसं हलवत नाही, मशीन हलवतो.
रबाळे, महापे, तुर्भे, पलीकडं वागळे इस्टेट,
बोलावतील तिथं जॅक, रोलर, चेनपुली
आणि सहा पोरं घेऊन जातो.
टनावर दर. रॅम्प नसेल तर जास्त.

या वेळी दोनशे टनी प्रेस.
खुर्शेद शेठच्या टेबलावर दोन पुस्तिका.
एक सीमेपलीकडच्या सरकारची :
जमीन रुपयाला चौरस मीटर, वीज निम्म्या दरात,
आणि एक मोबाईल नंबर
जो रात्री अकरालाही उचलला जातो.
दुसरी आपल्या सरकारची :
‘थांबा’ एवढंच, चाळीस पानांत.

दोघांचे झेंडे वेगळे,
टीव्हीवर एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
मुखपृष्ठावर मात्र तोच एक पिवळा हेल्मेटवाला हसतोय,
एकाच दुकानातून दोघांनी विकत घेतलेला.

शेठ म्हणाले,
तिकडचा मंत्री वाशीच्या हॉटेलात येऊन बसला, भोईर,
माझ्या मुलीचं नाव पाठ होतं त्याला.
इथं गटारासाठी अकरा अर्ज केले मी.
मी काय बोलणार.
ॲडव्हान्स घेतला.

तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना.
डिझेल ओतून रात्रभर ठेवला.
सकाळी बैठकीवरचा रंग खरवडला,
हिरव्याखाली करडा,
करड्याखाली छिन्नीनं कोरलेला बाण
आणि दोन अक्षरं : ह. भो.

हसुराम भोईर. माझा बाप.
शहात्तर साली हेच धूड त्यानं कुर्ल्याहून
नव्या खाडीपुलावरून आणलं होतं,
अख्खं गाव बघायला उभं.
तेव्हा सवलती वाटणारे आपण होतो.
म्हणजे जमीन आमची, सवलत सरकारची.
आणि तिकडं कुर्ल्यात
रिकाम्या फरशीकडं बघत
कुणीतरी विडी ओढत बसला असेल,
त्याचं बापानं कधी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

डिंगणकर तीस वर्षं या प्रेसवर.
त्याला म्हणाले, चल, पगार तोच, खोली कंपनीची.
मुलगी कोपरखैरण्यात बारावीला,
बायको महापालिकेच्या शाळेत.
नाही म्हणायला त्याला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला.
मग हजेरीच्या वहीचं पान फाडून
त्यानं पॅनेलच्या झाकणाआत चिकटवलं :

थंडीत पहिले दहा स्ट्रोक रिकामे मारा.
क्लच ओरडला तर घाबरू नका, तेल मागतोय.
डावं गार्ड कधीही काढू नका.

लिहून झाल्यावर
डावा हात खिशात घातला.

तिकडं हे वाचणार कोण?
ट्रेलरचा ड्रायव्हर त्या बाजूचाच, शेल्वम नाव.
त्यानं मोडक्या हिंदीत एकेक ओळ विचारून घेतली
आणि खाली आपल्या गोल गोल अक्षरांत उतरवली.
‘घाबरू नका’पाशी अडला.
डिंगणकरनं दोनदा करून दाखवलं,
छातीवर हात ठेवून.

रात्री साडेदहाला ट्रेलर हलला.
ठाणे-बेलापूर रोडवर पोलिसानं अडवलं,
पावती दिली, सोडलं.
कुणी नारळ फोडला नाही.
आणताना फोडला होता, बाप सांगायचा.

शेडमध्ये धुळीच्या मधोमध
एक स्वच्छ चौकोन राहिला, चार भोकं,
तेलाचा जुना वास.
माझी पोरं तिथंच वडापाव खात बसली.

तेवढ्यात फोन.
आपल्या सरकारनं म्हणे एक कंपनी आणली,
तिसऱ्याच राज्यातून, विरोधकांच्या,
दहा वर्षं करमाफी देऊन.
शेड हाच घेतायत. प्रेस येतेय.
बसवशील का? रेट काय?

रेट सांगितला.
मग टेप काढली, त्यांनी पाठवलेला नकाशा उघडला
आणि गुडघ्यांवर बसून
चारही भोकं मोजली.

जुळत नव्हती.
नवा पाया फोडावा लागेल.